मापातलं पाप



नेहमी मी इथं फवारणी, वेचणी, संत्र्याचा बहार असं लिहितो. आज थोडं वेगळं लिहितो. विषय काट्याचा आहे, म्हणजे वजनकाट्याचा. लेख लांब झाला, सवडीनं वाचा.

दिवाळी झाल्यावर, कापसाच्या दुसऱ्या वेच्याच्या टायमाला, माझ्या लहान भावाची पोरगी महिनाभर गावी राहायला आली. नागपूरला बीएस्सी झाली, फिजिक्स घेऊन. आता एमपीएससीची तयारी करते. मी विचारलं, "कलेक्टर व्हायचं आहे का बाई?"

"नाही मोठे बाबा, मला काटे तपासायचे आहेत."

मला हसू आलं. मग तिनं समजावलं. पदाचं नाव आहे निरीक्षक, वैधमापनशास्त्र. दुकानातली वजनं, बाजारातले काटे, धर्मकाटे, पेट्रोल पंपाचं माप, हे सगळं तपासून शिक्का मारणारा माणूस तो हा. या पदाला विज्ञानाची पदवी लागते आणि त्यात भौतिकशास्त्र असावं लागते, नाहीतर इंजिनिअरिंग. डिप्लोमावाल्याला तीन वर्षांचा अनुभव लागते. निवड झाली म्हणजे लगेच शिक्का हातात येत नाही. रांचीला भारतीय वैधमापन संस्था आहे, तिथलं मूळ प्रशिक्षण पुरं करावं लागते. ही संस्था १९६२ साली पाटण्याला सुरू झाली आणि १९७० साली रांचीला गेली.

दिवसा ती आमच्यासोबत वावरात यायची. रात्री जेवणं झाली की ओसरीत बसून मोठ्यानं वाचायची. मी दहावी पास माणूस. कायद्याची भाषा अर्धी डोक्यावरून जायची, पण त्यातला इतिहास ऐकताना वाटलं, अरे, हा तर आपलाच इतिहास आहे. आपला कापूस, आपली ज्वारी, आणि मधात कोणाचा तरी काटा. म्हणून जे ऐकलं, विचारलं आणि मग आमच्याच घरात जे झालं, ते लिहून ठेवतो.

चार महिन्यांनी शिक्का

काटे तपासणं हे इंग्रजांनी आणलं असं मला वाटायचं. तसं नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात या कामाचा वेगळा अधिकारी आहे, त्याला पौतवाध्यक्ष म्हटलं आहे. वजनं कशाची करायची तेही लिहिलं आहे. लोखंडाची करा, किंवा मगध आणि मेकल भागातल्या दगडाची करा, किंवा अशा वस्तूची करा की जी पाण्यानं वाढणार नाही आणि उन्हानं घटणार नाही. दर चार महिन्यांनी वजनावर शिक्का मारून घ्यायचा. बिनशिक्क्याचं वजन सापडलं तर सव्वासत्तावीस पण दंड.

मी म्हटलं, दोन हजार वर्षांपूर्वी चार महिन्यांनी शिक्का, आणि आता? ती म्हणाली, आता लोखंडी वजनं आणि दांडीचा तराजू दोन वर्षांनी तपासतात. इलेक्ट्रॉनिक काटा आणि धर्मकाटा दर बारा महिन्यांनी. तेलाच्या मोठ्या साठवण टाक्या पाच वर्षांनी. आता तुम्हीच आठवून पाहा, तुमचा माल ज्या काट्यावर चढतो त्याच्या शिक्क्याची तारीख तुम्ही शेवटची कधी पाहिली? मी तर कधीच पाहिली नव्हती.

खंडी एक, वजनं अनेक

आमच्या आजोबांच्या वेळेला धान्य वजनावर नव्हतं, मापावर होतं. पायली, कुडव, खंडी. मोजणारा पहिल्या पायलीला 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणायचा. लाभ, दोन, तीन, असं. शब्द शुभ होता, पण लाभ कोणाचा ते मोजणाऱ्याच्या हातावर होतं. कारण पायली भरायच्या दोन पद्धती. एक सपाट, हात फिरवून. दुसरी शीग लावून, म्हणजे वर ढीग ठेवून. सावकार घेताना शीग लावून घ्यायचा आणि देताना सपाट द्यायचा. पायली तीच, त्यामुळं भांडायला जागा नाही. काट्यात काही खोट नसताना माप कसं खोटं होते, याचा हा पहिला धडा. पुढं हाच धडा कामी येणार आहे, लक्षात ठेवा.

वजनाचा घोळ तर विचारूच नका. इंग्रज सरकारनं १८३३ साली तोळा १८० ग्रेनचा ठरवला. ऐंशी तोळ्यांचा शेर, चाळीस शेरांचा मण. हा बंगाली मण आजच्या हिशेबात ३७ किलो ३२४ ग्रॅम होते. पण मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे पावणेतेरा किलोच्या आसपास. मद्रासचा २५ पौंडांचा. खंडी म्हणजे वीस मण, हे आपल्याला पाठ आहे. मुंबईची साधी खंडी त्या हिशेबानं ५६० पौंडांची. पण कापसाची खंडी ७८४ पौंडांची! एकाच शहरात एकाच नावाची दोन वजनं. आजही रुईचा भाव खंडीवर निघते, ती हीच ७८४ पौंडांची खंडी, म्हणजे अंदाजे ३५६ किलो. टीव्हीवर 'खंडीला इतके हजार' ऐकून ज्यांचा गोंधळ होते, त्यांनी हा आकडा लिहून ठेवावा. आणि तो भाव रुईचा असते, आपल्या सरकीसकट कापसाचा नाही.

सरकारला हा घोळ दिसत नव्हता असं नाही. १९१३ साली समिती नेमली, तिनं रेल्वेत चालणारा ऐंशी तोळ्यांचा शेर सगळीकडं लागू करा असं सुचवलं. आमच्या मध्यप्रांत-वऱ्हाडात १९२८ साली वजनमापांचा कायदा झाला. मुंबई प्रांतात १९३२ साली झाला. देशभरासाठी १९३९ साली वजनाचं प्रमाण ठरवणारा कायदा आला. कायदे झाले, पण गावोगावचे शेर काही एक झाले नाहीत.

कारंज्याचा बाजार

आता आपल्या कापसाकडं येऊ. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिकडचा कापूस बंद पडला आणि इंग्लंडच्या गिरण्या आपल्या वऱ्हाड-नागपूरच्या कापसाकडं वळल्या. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत आली. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. हिंगणघाट, खामगाव, अमरावती, कारंजा या बाजारांत बंड्यांच्या रांगा लागू लागल्या.

माल वाढला तशी मधली माणसंही वाढली. अडत्या, दलाल, मापारी, हमाल. शेतकरी गावाहून रातभर बंडी हाकून यायचा. बैल उपाशी, माणूस उपाशी. एकदा कापूस खाली उतरवला की परत भरून नेण्याची सोय नाही. मग काटा ज्याचा, शब्द त्याचा.

वऱ्हाड तेव्हा कागदावर निजामाचं आणि १८५३ पासून कारभार इंग्रजांचा. म्हणून १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमानं कारंजा इथं नियमाखालचा कापूस बाजार सुरू झाला. आज कारंजा वाशीम जिल्ह्यात आहे. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचं नाव घेतलं जाते. १८९७ साली साऱ्या वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. बाजाराला समिती, आणि दलाल-मापाऱ्यांना परवाना. आज आपण ज्या बाजार समित्या पाहतो त्यांचं मूळ मुंबईत नाही, आपल्या विदर्भात आहे. हे आपल्याच पोरांना माहीत नसते.

पण या कायद्यात एक गोम होती. बाजाराच्या समितीवर व्यापाऱ्यांचंच वजन होतं. शेतीसाठी १९२६ साली नेमलेल्या शाही आयोगानं, ज्याचे अध्यक्ष लॉर्ड लिनलिथगो होते, १९२८ च्या अहवालात वऱ्हाडच्या पद्धतीची दखल घेतली. असे बाजार सगळीकडं करा म्हटलं, आणि तिच्यातल्या उणिवाही दाखवल्या. त्याच अहवालात शेतकऱ्याची लूट कशी होते तेही आहे. तराजू आणि वजनांची लबाडी हा एक भाग. दुसरा भाग वेगवेगळ्या नावानं होणाऱ्या कपातीचा. धर्मादाय म्हणून थोडं, नमुना म्हणून थोडं, आणखी कशाच्या तरी नावानं थोडं.

पोरगी हे वाचत होती तेव्हा मी तिला थांबवलं. म्हटलं, "बाई, हे १९२८ चं आहे की गेल्या वर्षीचं?"

त्याचं कारण असं. गेल्या हंगामात मी खेडा खरेदीत कापूस दिला. इलेक्ट्रॉनिक काटा होता. चाळीस किलोचं एकेक गाठोडं मोजलं, आकडा मी स्वतः पाहिला. पण पावतीवर प्रत्येकी एकोणचाळीस. मी विचारलं तर उत्तर आलं, "एक किलो कडता. रिवाज आहे भाऊ, सगळेच देतात." मी पण दिला. वीस क्विंटलात पन्नास किलो गेलं. सात हजार भाव धरला तर साडेतीन हजार रुपये. काट्यात खोट नव्हती, हे इथं महत्त्वाचं. काटा खरंच बोलला होता. पायली तीच, शीग फक्त वेगळी.

मध्यप्रांतात पुढं १९३२ साली कापूस बाजाराचा आणि १९३५ साली शेतमाल बाजाराचा कायदा झाला. महाराष्ट्र झाल्यावर १९६३ चा बाजार समिती कायदा आला. म्हणजे बाजाराचे कायदे एकीकडं आणि वजनमापाचे कायदे दुसरीकडं, असे दोन रस्ते चालत राहिले. कडता या दोन रस्त्यांच्या मधातल्या धुऱ्यावर उगवलेला आहे, असं मला वाटते. धुऱ्यावरचं तण दोघेही आपलं मानत नाहीत.

शेर गेला, किलो आला

स्वातंत्र्यानंतर १९५६ साली प्रमाणित वजनमापांचा कायदा झाला आणि देशानं मेट्रिक पद्धत घेतली. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले, आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून किलो टप्प्याटप्प्यानं यायला लागला. त्या वेळेला विदर्भ मुंबई राज्यात होता, म्हणून अंमलबजावणीचा १९५८ चा कायदा मुंबईचाच आपल्याला लागला. १ एप्रिल १९६२ पासून देशभर व्यवहारात किलो सक्तीचा झाला.

आमचे आजोबा सांगायचे, लोकांना हिशेबच लागेना. शेर ९३३ ग्रॅमचा, किलो हजाराचा. भाव शेराचा डोक्यात आणि वजन किलोचं हातात. मण तर लोकांनी सोडलाच नाही, त्याला चाळीस किलोचा करून घेतला. पाव, अर्धा पाव आजही आपल्या तोंडात आहे. जुनं नाव आणि नवं वजन, अशी तडजोड लोकांनी आपली आपण केली.

नंतर १९७६ चा नवा कायदा, १९८५ चा अंमलबजावणीचा कायदा, आणि शेवटी वैधमापन कायदा २००९, जो १ एप्रिल २०११ पासून लागू झाला. पोरीच्या परीक्षेला हाच मुख्य. 'वैधमापन' हा शब्द मला आधी फार जड वाटला. ती म्हणाली, अर्थ सोपा आहे. जे मोजमाप कोर्टात टिकते ते.

दिल्लीचा किलो आपल्या गावात कसा येते

मी एक साधा प्रश्न विचारला. इन्स्पेक्टर आमचं वजन तपासते, पण इन्स्पेक्टरचं वजन कोण तपासते?

ती खूश झाली. म्हणाली, हाच प्रश्न परीक्षेत येते. पॅरिसजवळ प्लॅटिनम-इरिडियम धातूचा एक ठोकळा ठेवलेला आहे, तो जगाचा किलो होता. त्याची एक नक्कल, क्रमांक ५७, भारताकडं आली. ती नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. तिच्यावरून संदर्भ मानकं तपासतात, ती प्रादेशिक प्रयोगशाळांत असतात. अहमदाबाद, बेंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद, गुवाहाटी, वाराणसी, आणि आपलं नागपूर. संदर्भ मानकांवरून राज्याची दुय्यम मानकं, दुय्यमवरून कार्यमानकं. ही कार्यमानकं इन्स्पेक्टरच्या पेटीत असतात. त्यांच्यावरून दुकानदाराचं वजन, आणि त्या वजनावर तुमचा माल. २० मे २०१९ पासून जगानं तो ठोकळाही बाजूला ठेवला. आता किलोची व्याख्या निसर्गातल्या एका कायम आकड्यावर आहे, त्याला प्लांकचा स्थिरांक म्हणतात. कारण ठोकळा झिजते. पाण्यानं वाढू नये, उन्हानं घटू नये, ही जी कौटिल्याची काळजी, तीच पॅरिसवाल्यांची.

तिनं आणखी एक गंमत सांगितली. जुना दांडीचा तराजू तुलना करते. एका पारड्यात वजन, दुसऱ्यात माल. जमिनीची ओढ दोन्हीला सारखी, म्हणून तो कुठंही नेला तरी फरक पडत नाही. स्प्रिंगचा काटा किंवा इलेक्ट्रॉनिक काट्यातला लोडसेल मात्र फक्त दाब मोजते. पृथ्वीची ओढ प्रत्येक ठिकाणी थोडी वेगळी असते. म्हणून बारीक काम करणारा काटा ज्या ठिकाणी वापरायचा त्याच ठिकाणी जुळवून घ्यावा लागते.

परीक्षेतलं गणित

आता हे गणित पाहा, आपल्या कामाचं आहे. इलेक्ट्रॉनिक काट्यावर कंपनीची एक पट्टी असते. तिच्यावर कमाल वजन आणि 'ई' लिहिलेलं असते. 'ई' म्हणजे पडताळणीचा अंश. समजा काटा शंभर किलोचा आहे आणि 'ई' वीस ग्रॅम. बाजारातले असे काटे बहुतेक तिसऱ्या वर्गात येतात. या वर्गाचा नियम असा: पाचशे 'ई'पर्यंत अर्ध्या 'ई'ची चूक माफ, दोन हजार 'ई'पर्यंत एक 'ई'ची, त्याच्या वर दहा हजार 'ई'पर्यंत दीड 'ई'ची. ही माफी शिक्का मारतानाची. नंतर वापरात असताना अचानक तपासणी केली तर माफी दुप्पट.

चाळीस किलो म्हणजे या काट्यावर बरोबर दोन हजार 'ई'. म्हणजे शिक्का मारताना चूक वीस ग्रॅमपर्यंत चालते आणि तपासणीत चाळीस ग्रॅमपर्यंत. त्याच्या वर गेली तर काटा नापास.

मी ओसरीत बसून बोटावर हिशेब केला. काट्याला चाळीस किलोमागं चाळीस ग्रॅमची मुभा. रिवाजाला चाळीस किलोमागं एक किलो. पंचवीसपट! शिवाय काट्याची चूक कधी इकडं जाते, कधी तिकडं. रिवाजाची चूक एकाच बाजूला जाते.

काटा तपासायच्या पद्धतीही तिनं दाखवल्या. आधी काटा सपाट जागेवर आहे का पाहायचं, पाण्याचा बुडबुडा मधात आहे का. मग रिकाम्या काट्यावर शून्य येते का. एकच वजन चार-पाच वेळा ठेवून तोच आकडा येते का. आणि कोपऱ्यांची चाचणी. क्षमतेच्या एक तृतीयांश वजन एकेका कोपऱ्यावर ठेवायचं, चारही ठिकाणी आकडा माफीच्या आत राहिला पाहिजे. आपल्याकडं प्रमाणित वजनं नसतात, पण कोपऱ्यांसाठी एक उपाय आहे. चपला काढून स्वतः प्लॅटफॉर्मच्या चारही कोपऱ्यांवर उभं राहून पाहा. आकडा बदलला तर त्या काट्यावर माल टाकू नका. यानं काटा खरा आहे हे सिद्ध होत नाही, पण काटा बिघडलेला असेल तर कळते.

कलम १२

एका रात्री तिनं वाचलं आणि मी म्हटलं, पुन्हा वाच. वैधमापन कायद्यातलं कलम १२. माझ्या भाषेत सांगतो. ठरलेल्या वजनापेक्षा किंवा मापापेक्षा जास्त घेण्याची किंवा कमी देण्याची मुभा देणारा कोणताही रिवाज, प्रथा, पद्धत रद्दबातल आहे. ती कायद्यानं नाहीच, असं समजायचं. आणि कलम ३० मध्ये खरेदी करणारा कपटानं ठरल्यापेक्षा जास्त माल घेत असेल तर तोही गुन्हा धरला आहे. म्हणजे फक्त दुकानदारानं गिऱ्हाईकाला कमी देणं हाच गुन्हा नाही. व्यापाऱ्यानं शेतकऱ्याकडून जास्त घेणं हाही आहे.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर उगाच भांडणं होतील. ओलाव्याचा विषय वेगळा आहे. हमीभावाच्या खरेदीत आठ टक्के ओलावा धरून भाव असते आणि बारा टक्क्यांपर्यंत भावात कपात करून माल घेतात. तिथं यंत्र लावून ओल मोजलेली असते आणि कपात भावात दिसते. माल ओला असेल तर ती कपात रास्त आहे. पण यंत्र न लावता, न मोजता, सरसकट 'एक किलो कडता' म्हणणं हे वजन खाणं आहे.

यंदा मी खेडा खरेदीवाल्याला एवढंच म्हटलं, वजन पूर्ण लिहा, काय कापायचं ते भावात कापा. तो आधी रागावला. मग क्विंटलला शंभर रुपये भाव कमी सांगितला. कडत्याचे होत होते पावणेदोनशे. मला पंच्याहत्तर वाचले, पण खरा फायदा तो नाही. भाव उघडा झाला म्हणून मला दुसऱ्या ठिकाणचा भाव विचारता आला. वजनात लपलेली कपात अशी ताडून पाहता येत नाही.

कडुनिंबाखालचा काटा

इथपर्यंत लिहून मी थांबलो असतो तर बरं दिसलं असतं. पण पुढं जे झालं ते लिहिलं नाही तर हा लेख खोटा होईल.

दुसऱ्या दिवशी वेचणीवाल्या बायांचा कापूस मोजायचा होता. आमच्याकडं वेचणी किलोवर असते, यंदा दहा रुपये किलो. वावरातल्या कडुनिंबाला आमचा जुना टांगता स्प्रिंग काटा बांधलेला असते. मी मोजत होतो. आमची सौभाग्यवती बाजूला उभी होती. तिनं पोरीकडं पाहून म्हटलं, "तुह्या मोठ्या बाबाले विचार ना, हा काटा कधी तपासला. अडत्याले शिव्या देते, आन् बायाचा कापूस याच काट्यानं मोजते."

पोरगी काही बोलली नाही. संध्याकाळी गावातल्या किराणा दुकानातून शिक्का मारलेली पाच-पाच किलोची चार वजनं मागून आणली. गाठोड्यात बांधून टांगली. वीस किलोला आमच्या काट्यानं साडेएकोणीस दाखवले. रिकाम्या काट्याची सुई शून्याच्या मागं अर्धा किलो होती. मला ती दिसत होती, कित्येक वर्षांपासून. पण तिचा अर्थ मी कधी लावला नाही. आणि वरून 'ओल आहे, कवडी आहे' म्हणून वरचा पाव-अर्धा सोडून द्यायचो तो वेगळाच. आमच्या घरचा कडता.

पोरीनं कायद्याचं पुस्तक काढून दाखवलं. 'व्यवहार' या शब्दाच्या अर्थात केलेल्या कामाची आणि मजुरीची मोजणीसुद्धा येते. म्हणजे कलम १२ माझ्या कडुनिंबालाही लागू.

मी हिशेब केला. आठ बाया, दिवसातून दोन वेळा मोजणी, प्रत्येक वेळी अर्धा किलो. दिवसाला आठ किलो. यंदा चौदा दिवस वेचणी झाली होती. एकशेबारा किलो, अकराशे वीस रुपये. प्रत्येकीच्या वाट्याला एकशेचाळीस. रक्कम मोठी नाही. एका बाईच्या एका दिवसाच्या वेचणीच्या अर्ध्याहूनही कमी. पण ती माझी नव्हती. पाव-अर्धा सोडलेला किती, त्याची नोंदच नाही. मागच्या वर्षांचीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पैसे वाटले आणि काटा चुकीचा होता हे सांगितलं. त्यातली एक बाई, जिनं माझ्या आईच्या वेळेपासून आमच्याकडं वेचलं आहे, पैसे पदरात बांधत म्हणाली, "आमाले मालूम होतं भाऊ. काटा तुमचा, झाड तुमचं. कोन बोलन?"

याच्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. खेडा खरेदीवाल्यासमोर मी गप्प राहिलो होतो, ते याच कारणानं. गरज ज्याची जास्त त्याचं तोंड बंद. कारंज्याच्या बाजारात रातभर बंडी हाकून आलेला शेतकरी, मी, आणि माझ्या वावरातली बाई, तिघांची गोष्ट एकच आहे. फरक एवढाच की तिसऱ्या गोष्टीत काटा माझ्या हातात होता.

जुना काटा मी काढून टाकला. शिक्का असलेला नवा टांगता इलेक्ट्रॉनिक काटा घेतला. आकडा मोठा दिसते, बाया स्वतः वाचतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना दुसरी सांगते. वजन पूर्ण लिहितो. कापूस ओला असला तर दोन तास उन्हात टाकायला सांगतो, किलो कापत नाही.

पोरगी नागपूरला परत गेली. जाताना म्हणाली, "मोठे बाबा, माझी परीक्षा व्हायच्या आधी तुमचीच झाली." मी म्हटलं, नापास झालो होतो बाई, फेरपरीक्षा दिली. तिचा निकाल लागायला वेळ आहे. लागला की कळवीन.

तोपर्यंत तुम्ही तीन कामं करा. माल टाकायच्या आधी काट्यावरचा शिक्का आणि दुकानात लावलेलं पडताळणीचं प्रमाणपत्र पाहा, तारीख वाचा. पावतीवर पूर्ण वजन लिहून घ्या, कपात भावात दाखवायला सांगा. आणि घरचा काटा एकदा शिक्क्याच्या वजनांनी तपासून पाहा. तिसरं काम आधी करा.

तुमच्या गावात पायली कशी भरायचे, शीग लावून की सपाट, आणि कडत्याला तुमच्याकडं काय नाव आहे, तेही लिहून कळवा. म्हाताऱ्या माणसांना विचारा, ही मापं त्यांच्यासोबतच जातील.

राम राम.